चुकीची कमांड

‘एवढ्या प्रोसेस लागतात कशाला गं तुला?’ गाजूल काकांनी विचारलं.

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला येत नव्हतं. म्हणून मी हसले. तेव्हा मी वीस वर्षांची होते, वर्गात पहिली होते, आणि उत्तर येत नसलं की हसायचं ही विद्या मला अभ्यासाइतकीच चांगली जमली होती.

‘काका, ते तुम्हाला नाही कळायचं. प्रोग्रामच्या आतलं आहे. तुम्ही फक्त ती मर्यादा काढा.’

‘तीस पुरतात गं. माझ्या अंदाजानं दहासुद्धा लई झाल्या.’

‘पुरत नाहीत म्हणून तर आले ना? माझंच नाही, सगळ्या बॅचची हीच रड आहे. सोमवारी प्रॅक्टिकलला अडलं तर होनराव सर तुम्हालाच विचारतील.’

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. होनराव सर आमचे विभागप्रमुख, आणि काकांचं त्या वर्षीचं सगळं त्यांच्या हातात होतं, हे मला माहीत होतं.

काका म्हणजे अंबादास गाजूल, सोलापूरबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट. शिक्षण आयटीआय. अकरा वर्षं हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर आणि दर मे महिन्यात धाकधूक. त्या वर्षी मात्र प्राचार्यांनी त्यांचं नाव कायम करण्यासाठी पुढे पाठवलं होतं. होनराव सरांचा अभिप्राय तेवढा जायचा राहिला होता. ही बातमी काकांनी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती. ‘औंदा होतंय बघ,’ म्हणायचे आणि लगेच भिंतीवरच्या मार्कंडेयाच्या तसबिरीकडे बघायचे.

लॅबमध्ये अठरा मशिनी होत्या, पण त्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. डोकं एकच, ते काचेच्या खोलीत. त्याला सर्व्हर म्हणायचं. आम्ही अठरा जणं अठरा ठिकाणी बसून जे काही टाइप करायचो, ते सगळं त्या एका मशीनमध्ये चालायचं. एका पोराने घोळ घातला तर बाकीचे सतरा बुडू नयेत, म्हणून एकाने एका वेळी तीसपेक्षा जास्त कामं, म्हणजे प्रोसेस, सुरू करायची नाहीत, अशी मर्यादा काकांनीच घालून ठेवली होती. आणि परीक्षेच्या आठवड्यात सर्व्हरमध्ये काहीही बदलायचं असेल तर होनराव सरांची सही लागते, असा कागद त्याच काचेवर चिकटवलेला होता. शनिवारी दुपारी सर घरी गेलेले.

‘सहीचं काय करू?’ काका म्हणाले.

‘सोमवारी घ्या. दोन मिनिटांचं तर काम.’

काकांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. लॅब बंद करताना ते माझ्यासाठी पाच-दहा मिनिटं जास्त थांबायचे, मला नव्या फ्लॉपी आधी द्यायचे, आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना ‘बिराजदारला विचारा’ म्हणून माझ्याकडे पाठवायचे.

तर हा माझा प्रोग्राम. आम्हाला साधं शेल लिहायचं होतं. शेल म्हणजे संगणकाच्या दारातला कारकून. तुम्ही कामाचं नाव टाइप करायचं, त्याने ते काम करवून आणायचं. गंमत अशी की तो स्वतः काही करत नाही. तो आधी स्वतःची हुबेहूब नक्कल तयार करतो. पुस्तकात तिला चाइल्ड प्रोसेस म्हणतात, आम्ही सरळ पोरगं म्हणायचो. ते पोरगं मग आपलं रूप टाकून त्या कामाचं रूप घेतं, काम करतं आणि संपतं. तोवर आई वाट बघत बसते. पोरगं संपलं की आई पुन्हा तुमच्याकडे वळते, पुढची कमांड विचारते. एवढंच.

एवढंच लिहिलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. विंडोजची सवय असलेली आमची बॅच कमांडची नावं कॅपिटल अक्षरांत टाइप करायची आणि लिनक्सला ते चालत नाही. म्हणून मी एक खास सोय केली. नाव सापडलं नाही तर माझं शेल रडत बसायचं नाही. ते सगळी अक्षरं लहान करून नव्या दमाने पुन्हा पोरगं सोडायचं. होनराव सरांना ती सोय इतकी आवडली की त्यांनी माझा प्रोग्राम भर वर्गात पडद्यावर दाखवला. त्यानंतर सगळ्या बॅचने तोच पाठ केला, ओळ न् ओळ.

मग तक्रारी यायला लागल्या. अधूनमधून शेल अडायचं आणि ‘आणखी प्रोसेस सुरू करता येत नाही’ असा निरोप यायचा. माझ्याकडे क्वचित, इतरांकडे जास्त. मला त्याचा अर्थ एकच दिसला. काकांची मर्यादा तोकडी आहे. माझ्या प्रोग्रामला तीस कामं लागतातच कशाला, हा विचार मला शिवला नाही. मुळात नसलेली, पूर्ण चुकीची कमांड देऊन मी प्रोग्राम एकदाही तपासला नव्हता. मी चुकायची नाही ना.

शनिवारी संध्याकाळी काकांनी मर्यादा काढली आणि लॅबला सील लावलं.

सोमवारी सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या सबनीस मॅडम, पुण्याच्या. बारीक, शांत, आवाज अजिबात न चढवणाऱ्या. अशांची मला जास्त भीती वाटते. टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या होत्या. मला आलेला प्रश्न अगदी सोपा होता, शेलचा नव्हताच. शेल आलं माझ्या शेजारच्या फरजाना नदाफला. तिने चिठ्ठी उघडून माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच ‘सुटले’ म्हटलं. तिला तो प्रोग्राम झोपेतही लिहिता आला असता.

साडेदहाच्या सुमाराला मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. होनराव सरही बरोबर होते.

‘छान. कॅपिटलची सोयही आहे की,’ मॅडम म्हणाल्या. होनराव सर कौतुकाने हसले. ‘आता एक चुकीची कमांड दे. काहीही. बघू काय करतं तुझं शेल.’

फरजानाने बोटं आपटली. काहीतरी अबक लिहिलं असेल.

मी माझ्या पडद्यावर ओळ लिहीत होते. ती अर्ध्यावर थांबली. मी कळ दाबली, पुन्हा दाबली. अक्षर उमटेना. मागून कुणीतरी म्हणालं, ‘ए, माझं अडकलं.’ मग दुसरा. मग सगळेच. काचेच्या खोलीतल्या सर्व्हरचा पंखा चढत्या आवाजात ओरडायला लागला. अठरा पडदे आणि एकावरही काही हलेना.

काका धावत आत गेले. काचेतून दिसत होतं, ते कळफलकावर काहीतरी टाइप करतायत, थांबतायत, पुन्हा करतायत. बाहेर आले तेव्हा कपाळावर घामाचे थेंब होते.

‘सर, काही घेईना झालंय. बंद करून चालू करावं लागंल.’

‘आणि पोरांनी सेव्ह न केलेलं काम?’

‘जाईल, सर. वर डिस्क तपासायला अर्धा तास.’

सरांचा चेहरा लाल झाला. बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यांची ही अशी शोभा. ‘शनिवारपर्यंत नीट चालणारं मशीन आज बसतंच कसं? तुम्ही काही बदललं होतं का?’



‘मर्यादा काढली होती, सर. तीसची.’

‘कुणाला विचारून? सही कुठाय?’

‘राहिली, सर.’

‘कुणी सांगितलं होतं काढायला?’

काका माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. मी समोरच्या गोठलेल्या पडद्यावरचं माझंच अर्धं वाक्य वाचत होते. आता ते नाव घेणार. आता.

‘पोरांना अडचण यायली होती, सर,’ काका म्हणाले. ‘म्हणून मीच काढली.’

आम्हाला सगळ्यांना व्हरांड्यात काढलं. मार्च संपत आलेला, अकरा वाजताच उन्हाचा चटका बसत होता. पोरं घोळक्याने उभी राहून घाबरी कुजबुज करत होती. फरजाना माझा दंड धरून उभी होती.

‘कल्याणी, माझ्यामुळं झालं का गं? मी एंटर मारलं आणि सगळं गेलं. मी बघितलंय.’

‘गप्प बस. जोरात बोलू नको.’

‘प्रोग्राममध्ये तर काही नाही ना?’

‘काही नाही,’ मी म्हटलं आणि पेन काढून तळहातावर लिहायला लागले. कागद जवळ ठेवायला परवानगी नव्हती. आई पोरगं सोडते. पोरगं काम शोधतं. सापडत नाही. अक्षरं लहान करून पुन्हा सोडतं, म्हणजे पोरगंच आता आई झालं. त्याच्या पोरालाही काम सापडत नाही, कारण तसं कामच अस्तित्वात नाही. मग तेही आई होतं. मग त्याचं पोरगं. मी तळहातावर बाणाखाली बाण काढत मनगटापर्यंत आले आणि थांबले. याला शेवटच नव्हता. ‘दुसऱ्यांदाही सापडलं नाही तर निरोप दे आणि संप,’ ही एक ओळ मी लिहिलीच नव्हती. इतके दिवस ही वंशावळ तीसवर अडत होती ती काकांच्या मर्यादेमुळे. ती मर्यादाच माझी चूक झाकून धरत होती, आणि मी तिलाच शिव्या घालत होते.

एकवीस वर्षं झाली, पण ते बाण मला अजून दिसतात.

‘फरजाना, ऐक.’ मी तिला भिंतीकडे वळवलं. ‘आत गेलीस की पहिल्यांदा एक ओळ घाल. पोरगं सोडल्यानंतर, अक्षरं लहान करायच्या खाली.’ मी तिला ओळ सांगितली. तिच्याकडून तीनदा म्हणून घेतली.

ती पाठांतराची पोरगी असेल, पण मूर्ख नव्हती. ‘म्हणजे प्रोग्राममध्येच होतं.’

मी तळहात मिटला.

‘मग सांगू या ना मॅडमना. गाजूल काकांना किती बोलायलेत सर. तो माणूस उभा कसा होता बघितलंस का?’

‘काय सांगणार? परीक्षा चालू असताना मी तुला ओळ सांगितली म्हणून? परीक्षेत कॉपी म्हणून दोघींची नावं युनिव्हर्सिटीला जातील. तुझं वर्ष जाईल, माझंही.’ हे खरं होतं. पण ते सांगताना मला फरजानाच्या वर्षाची काळजी नव्हती, हेही खरं होतं. भर वर्गात पडद्यावर दाखवलेला माझा प्रोग्राम चुकीचा होता, हे सर्वांसमोर म्हणायचं, एवढ्याच विचाराने माझी पाचावर धारण बसली होती.

‘काकांचं काय मग?’

‘त्यांचं काय होणार आहे? मशीन चालू झालं की विसरतील सगळे.’

अर्ध्या तासाने आम्ही आत गेलो. मर्यादा पुन्हा घातली होती. फरजानाचा प्रोग्राम आधीच सेव्ह झालेला असल्याने वाचला होता. तिने तो उघडला, ओळ घातली. मी माझं काम पहिल्यापासून लिहीत होते आणि एक डोळा तिच्याकडे होता. काका मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आत खोलीत जायला मनाई केली होती.

सबनीस मॅडम पुन्हा फरजानाच्या मागे आल्या. मला वाटलं होतं, तिला त्या दुसरं काही विचारतील. पण त्या शांत बायका काही विसरत नाहीत.

‘मघाशी राहिलं ते करू या. चुकीची कमांड दे.’

फरजानाने दिली. पडद्यावर निरोप आला, अशी कमांड नाही. खाली शेल पुढच्या कमांडची वाट बघत उभं. सर्व्हरचा आवाजही वाढला नाही.

‘मघाचाच प्रोग्राम आहे ना हा?’ मॅडमनी विचारलं.

फरजानाने मान वळवली. ती मॅडमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ उघडलेले होते. ती फक्त माझ्या मानेची वाट बघत होती. मी ती हलवली असती, तर तिने सांगून टाकलं असतं. मी पडद्याकडे तोंड वळवलं.

‘हो, मॅडम,’ फरजाना म्हणाली.

‘मग प्रोग्राममध्ये दोष नाही,’ मॅडम होनराव सरांना म्हणाल्या. ‘तोच प्रोग्राम, तीच चुकीची कमांड, आणि आता व्यवस्थित चालला. तुमच्या सर्व्हरचंच काहीतरी होतं.’

‘मी म्हटलंच होतं,’ सर म्हणाले. ‘परीक्षेच्या तोंडावर न विचारता सेटिंग बदलायचं, हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. मी लेखी देणार आहे.’

तोवर मला वाटत होतं की मी गप्प बसले आहे, एवढंच. तेव्हा कळलं, मी नुसती गप्प बसले नव्हते. ती ओळ घालून काकांच्या बाजूचा एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. प्रोग्राम दुसऱ्यांदाही अडला असता तर कुणीतरी त्यात डोकावलं असतं.

मी वळून काकांकडे बघितलं. ते फरजानाच्या पडद्याकडे बघत होते, तोंड जरा उघडं. घाबरलेत बिचारे, असं मला वाटलं. माझं प्रॅक्टिकल उत्तम झालं.

पुढचे सहा आठवडे मी लेखी परीक्षेच्या नावाखाली लॅबकडे फिरकले नाही. पण बातम्या काय, येतातच. काकांची कायम होण्याची फाइल नामंजूर होऊन परत आली. जूनची हंगामी ऑर्डरही निघणार नाही, असं एका शिपायाने फरजानाला सांगितलं. तिने मला सांगितलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

मे महिन्यात जर्नल परत घ्यायला कॉलेजात जावं लागलं. जिना चढताना मी मनाशी म्हणत होते, काका नसावेत. ते होते. लॅबचा चार्ज द्यायचा होता म्हणून माऊस आणि कळफलक यांची यादी करत बसले होते.

‘आलीस का? बरं झालं,’ ते म्हणाले. ‘मी तुझीच वाट बघायलो होतो.’

मी दारातच उभी राहिले.

‘बस की. एक विचारायचं होतं. रागावू नकोस बरं का.’ त्यांनी यादी बाजूला ठेवली. ‘त्या शनिवारी तू गेल्यावर मी तुझा प्रोग्राम उघडून बघितला. बघू नये खरं तर. पण म्हटलं, एवढ्या कशाला लागायल्यात बघावं तरी. दोन तास बसलो. मला असं दिसलं, की काम सापडलं नाही तर ते पोरगं संपतच नाही. तिथं एक ओळ पायजे होती. ती नाही.’

मी खुर्ची ओढून बसले.

‘तुला बोलावणार होतो. मग म्हटलं, आपण आयटीआयवाले. सरांनी हाच प्रोग्राम वर्गात दाखवलाय. पहिली आलेली पोरगी चुकंल का? आपल्यालाच कळंना झालंय. म्हणून काढली मर्यादा. मग सोमवारी मशीन बसलं, तवा वाटलं, अरे, आपलं बरोबर होतं की! सरांना सांगणारच होतो, पण ती नदाफ पोरगी नुसती थरथर कापायली होती. म्हटलं हिचा पेपर होऊ दे, मग सांगू. आन दुसऱ्या खेपेला तोच प्रोग्राम झकास चालला. मी मागं उभा राहून बघितलं.’ ते पुढे वाकले. ‘म्हंजे माझंच चुकलं होतं. त्याचं काही नाही. पण दीड महिना झाला, डोकं खायलंय ते. ती ओळ नसताना चालला कसा गं? तेवढं समजावून सांग मला. जाता जाता कळू तर दे.’

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. शंका विचारणाऱ्या पोराचा असतो तसा चेहरा होता. अकरा वर्षांची नोकरी मी घालवली होतीच. वर, त्या माणसाला जे स्वच्छ दिसलं होतं ते त्याला दिसलंच नव्हतं, असंही मी त्याला पटवून दिलं होतं.

‘काका,’ मी म्हटलं, ‘ती ओळ नव्हतीच. मध्ये आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा मी फरजानाला सांगितली. तिने आत आल्यावर घातली. दुसऱ्यांदा चालला तो प्रोग्राम वेगळा होता.’

मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या.

‘म्हंजे मला बरोबर दिसलं होतं?’

‘बरोबर दिसलं होतं, काका.’

‘त्याच जागी?’

‘त्याच जागी.’

काकांनी मांडीवर थाप मारली आणि ते हसायला लागले. ‘बघ की! म्हटलं चालंल कसं? शक्यच नाही!’ ते उठले, काचेपर्यंत गेले, परत आले. ‘दीड महिना, पोरी! दीड महिना मी स्वतःला येडा समजायलो होतो!’ इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कायम होण्याच्या बातमीनेही बघितला नव्हता. आणि मी रडायला लागले.

‘मी आत्ता जाऊन होनराव सरांना सांगते,’ मी म्हटलं. ‘सर खाली केबिनमध्येच आहेत.’

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. ‘तुझा निकाल अडकवतील.’

‘अडकवू देत.’

‘नदाफचाबी.’

काकांनी यादी पुन्हा पुढे ओढली, चष्मा लावला. ‘नको’ म्हणतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. ‘जा’ असंही म्हणाले नाहीत.

‘बघ. तुझं तू बघ,’ म्हणाले आणि पुन्हा माऊस मोजायला लागले.

मी डोळे पुसून जिना उतरले. वाक्य तयार होतं. सर, चूक गाजूल काकांची नव्हती, माझी होती. एका श्वासात होईल एवढं. प्रत्येक पायरीवर मी ते म्हणत गेले. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. सर कागद चाळत होते, वर पंखा फिरत होता.

‘येऊ का, सर?’

‘ये ये, बिराजदार. बोल.’

मी आत गेले. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

‘सर, निकाल कधी लागणार?’

‘जूनच्या पहिल्या आठवड्यात,’ सर म्हणाले आणि हसले. ‘पण तुला कसली काळजी?’